बी.कॉम.च्या लेकरांना कॉम्प्युटरच्या व्याख्या नकोत, खरा हिशोब द्या

मा. संपादक साहेब, स.न.

नव्या शैक्षणिक धोरणामुळं सगळीकडं पेपर बदलायलेत, त्यात बी.कॉम. आणि बीबीएच्या पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरचा जो पेपर असतो त्याकडं कुणीतरी नीट बघावं म्हणून हे पत्र. लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर झालं पण ते सायन्सवाल्यांचं, कॉमर्सच्या लेकरांकडं बघायला कुणाला वेळच नाही.

मी लातूरला टॅक्सची कामं करतो. आडत दुकानं, दाल मिल, किराणा होलसेलवाले अशा पार्ट्या आहेत आणि ऑफिसात दरवर्षी नवीन बी.कॉम. झालेली पोरंपोरी कामाला येतात. हुशार असतात, खेड्यातून एसटीनं येऊन शिकलेली असतात, कॉम्प्युटरला मार्कही चांगले असतात, पण एक्सेलची कोरी शीट समोर ठेवली की हात थांबतो. मागच्या सीझनला एका मुलीनं पार्ट्यांचे बँक खाते नंबर भरले, तर 16 अंकी जेवढे नंबर होते त्या सगळ्यांच्या शेवटी शून्य. तिनं टाइप बरोबरच केलं होतं. एक्सेल आकड्याचे पहिले 15 अंकच धरतं, पुढचा शून्य करून टाकतं, म्हणून सेल आधी टेक्स्ट करून घ्यावी लागते, पण हे तिला तीन वर्षांत कुणी सांगितलंच नाही. तिची कॉलेजची वही मी बघितली, कॉम्प्युटरच्या पिढ्या, इनपुट-आउटपुट डिव्हाइस, रॅम आणि रॉममधला फरक, सगळं एकदम सुंदर अक्षरात. प्रॅक्टिकलचे मार्क त्या वहीवर मिळाले होते!

कुणी म्हणेल एवढ्या तेवढ्या गोष्टी नोकरीत शिकतात. 2020 ला इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळपास 16 हजार पॉझिटिव्ह पेशंट रोजच्या आकड्यातून सुटले, का तर जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 ओळीच मावतात आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथं सरकारी यंत्रणेचं असं होतं तर आपल्या शिकाऊ पोराचं काय.

माझं म्हणणं एवढंच की पेपरची सुरुवात हिशोबापासून करा. पहिल्याच तासाला सोयाबीनच्या सीझनची एक यादी द्या, तारीख, शेतकरी, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि विचारा कुणाला किती पट्टी, म्हणजे खर्च वजा जाऊन मालाचे किती पैसे, द्यायची. फॉर्म्युला, सॉर्ट, फिल्टर, पिव्होट टेबल सगळं त्यातूनच येतं आणि घरचा माल मोंढ्यावर गेलेला असतो त्यामुळं लेकराला लगेच कळतं. मग जीएसटी नंबर घ्या. 15 अक्षरं, पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राचं 27, पुढची दहा पॅन. ती वेगळी काढायला लावली की टेक्स्टचे फॉर्म्युले कशाला असतात ते आपोआप समजतं. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर 2बी येतं, म्हणजे विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, ते खरेदीच्या बिलांशी जुळवून बघायला लावा, समोरच्यानं बिल दाखवलं नसलं तर आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं, तिथं एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणारा लूकअप फॉर्म्युला कामाला येतो. आता एआय फॉर्म्युला लिहून देतंय हे खरंय, पण उत्तर बरोबर आलं का ते ताडून बघायला हिशोब डोक्यात लागतोच की.

परीक्षा पण मशीनवर घ्या. मुद्दाम चुका पेरलेली फाइल द्या आणि शोधायला सांगा. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं लायसन नसलं तर लिब्रेऑफिस फुकट आहे, घरी सरावाला मोबाइलवर गूगल शीट्स चालतं, बारीक दिसतं पण चालतं.

खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे. कॉम्प्युटरच्या सरांना खतावणी माहीत नाही, कॉमर्सच्या मॅडमना लूकअप माहीत नाही, आणि त्यात बरेच जण तासिका तत्त्वावर, वर्गात उभं राहिलं तेवढ्याच तासाचे पैसे. मग दोघांना एकाच लॅबमध्ये उभं करा आणि दोघांचेही तास धरा, तयारीचे पण धरा, नाहीतर नवा पेपर नुसता कागदावर राहील. अभ्यास मंडळावर एखादा सीए किंवा दाल मिलचा अकाउंटंट बोलवा. सरावाला खऱ्या फाइली लागत असतील तर पार्ट्यांना विचारून, नावं आणि नंबर काढून द्यायला मी तयार आहे, माझ्यासारखे आणखी बरेच जण देतील.

– एक करसल्लागार, लातूर