कुड्याच्या काढ्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पंधरा दिवस कुड्याच्या सालीचा काढा घेतला, आव थांबली, आता गोळ्या कशाला, असं विचारलंयस. हसू नको, पण त्यापायी मी दोन रात्री वाचत बसलो.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो. कुडा म्हणजे थोतांड नाहीच. रक्ती अतिसारावर चरकाच्या काळापासून कुटज (कुड्याचंच संस्कृत नाव) देतायत, सालीतलं कोनेसिन हे कडू रसायन (अल्कलॉईड) १८५८ मध्येच वेगळं काढलं होतं, आणि आव घडवणाऱ्या अमिबा या परजीवीला ते मारतं हेही खरं. फक्त शुद्ध कोनेसिन पेशंटना दिलं तेव्हा झोप उडणं, भ्रम होणं असले त्रास निघाले, मग १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल हे अमिबावरचं औषध आलं नि ते मागे पडलं.

पण माणसांवरच्या जुन्या अभ्यासांत एक मोठी गोम आहे. काढ्याआधी शौचाच्या तपासणीत अमिबाचे सिस्ट (म्हणजे कवचातले सुप्त अमिबा) दिसले, नंतर दिसले नाहीत, म्हणजे गुण आला, असा हिशोब असायचा. आता बघ, मायक्रोस्कोपखाली तो सिस्ट म्हणजे चार केंद्रकांचा गोल ठिपका, आणि हुबेहूब तसाच दिसणारा एक निरुपद्रवी भाऊ निघाला, एन्टामिबा डिस्पार. ही वेगळी जात आहे हे १९९३ मध्ये पक्कं झालं! म्हणजे त्याआधी ज्यांना 'बरं' केलं त्यातल्या कितीजणांना मुळात रोगच नव्हता, कोण सांगणार. शिवाय सिस्ट रोज पडतातच असं नाही, आव आपोआपही कमी होते नि पुन्हा उसळते, त्यामुळे शेजारी बिनकाढ्याचा गट नसेल तर काहीच कळत नाही. माझ्या मते काढ्यात दम असेलही, पण तो त्या आकड्यांवरून ठरत नाही रे.

तेव्हा शौचाची अँटिजेन टेस्ट (अमिबाची प्रथिनं शोधणारी) करून घे, पण दोघा भावांना वेगळं ओळखणारीच माग, सगळ्या तसं ओळखत नाहीत. खरा निघाला तर गोळ्या घ्याच लागतील, आणि मेट्रोनिडॅझोलनंतर आतड्यातले सिस्ट मारायला वेगळं औषध असतं, ते बरेच जण विसरतात, तू आठवणीने विचार. ताप आला किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं तर मात्र टेस्टची वाट न बघता डॉक्टरकडे पळ, लिव्हरमध्ये गळू होतो याने.

आणि एक राहिलंच. पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल सर्रास खपवतात. खरी साल फार कडू असते, म्हणून विचारतो, तुझा काढा तोंड वाकडं होईल इतका कडू होता का?

तुझाच,
अन्या