गाडी तापते म्हणून व्हॉल्व काढू नका

संपादक महोदय,

सस्नेह नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की बोरघाटात, कसाऱ्यात, खंबाटकीत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागतात आणि खापर फुटते गाडीच्या वयावर. दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली मारुती 800, जुनी अल्टो किंवा वॅगन-आर तापते तेव्हा वय हे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा कोणीतरी आधी तीन जुगाड करून ठेवलेले असतात: थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला, रेडिएटरचा फॅन 'डायरेक्ट' केलेला, म्हणजे सतत फिरत राहील असा जोडलेला, आणि कूलंटच्या जागी बोअरचे पाणी भरलेले. फॅनचे वायरिंग सोडले तर बाकीचे घरच्या घरी पूर्ववत करता येते. मारुती 800 चे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले, म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यात तरुण 800 नेही आता दहा वर्षे ओलांडली आहेत. तरी तिचे होज पाईप, कॅप आणि व्हॉल्व काही शे रुपयांत सहज मिळतात.

आधी व्हॉल्व जागेवर आहे का ते पाहावे. त्यासाठी काही खोलावे लागत नाही. सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. व्हॉल्व ठीक असेल तर होज पहिली काही मिनिटे गारच राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. इंजिन चांगले तापूनही होज गारच राहिला तर व्हॉल्व बंद अडकला आहे. तेव्हा इंजिन लगेच बंद करावे. हायवेवर तापमानाचा काटा तळाशीच पडून असणे हीही व्हॉल्व नसल्याचीच खूण. लोक मात्र त्यावर खूश असतात, 'गाडी एकदम थंड चालते' म्हणून!

थंड चालणे हाच तर रोग आहे. एमपीएफआय इंजिनचा (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनचा) कॉम्प्युटर पाण्याचे तापमान पाहून पेट्रोल ठरवतो. इंजिन गरमच झाले नाही तर तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, अॅव्हरेज घसरते, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत व्हॉल्व नसला की बरेच गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासनेच परत इंजिनात जाते, म्हणजे ज्या घाटासाठी व्हॉल्व काढला तिथेच गाडी तापते.

दुसरी तपासणी कॅप उघडून, तीही इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम रेडिएटरची कॅप फडके धरूनसुद्धा उघडायची नाही. आत 110 अंशांचे पाणी दाबाखाली असते आणि दाब सुटला की त्याची वाफ थेट तोंडावर येते. पाणी चहाच्या रंगाचे असेल तर आत गंज आहे. आता कॅप उघडी ठेवूनच इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणे ठीक. ते थांबतच नसतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर असेल, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेल्याची शक्यता आहे. इथे घरचे काम थांबवावे. अॅल्युमिनियमचे हेड तापून वाकलेले असू शकते. मग ते मशीनवर फेसिंग करून, म्हणजे सपाट करून घ्यावे लागते आणि बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्याच जोराने आवळणाऱ्या पान्याने) ठरल्या क्रमाने आवळावे लागतात.

बुडबुडे नसतील तर रविवारची सकाळ पुरते. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन फिरू शकतो. खाली बादली ठेवून रेडिएटरचा खालचा होज सोडा. ड्रेनचा प्लॅस्टिक बोल्ट फिरवायच्या भानगडीत पडू नका. इतक्या वर्षांनी तो हातात तुटून येतो. निघालेले पाणी मोजा, पुढे हा आकडा लागतो. मग साधे पाणी भरून केबल जोडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापू द्या, गार झाल्यावर पाणी सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीन वेळा असे करा आणि शेवटची खळखळ डिस्टिल्ड वॉटरची. अॅसिड किंवा कॉस्टिक सोडा घालून 'रेडिएटर साफ' करण्याची जी पद्धत आहे ती क्षाराबरोबर अॅल्युमिनियमही खाते.

व्हॉल्व बसतो वरच्या होजच्या इंजिनाकडच्या टोकाला, दोन बोल्टच्या छोट्या हाऊसिंगमध्ये. खरी कसोटी या बोल्टची. लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे बसून धरलेला असतो, जोर लावला की डोके तुटून हातात येते आणि शंभर रुपयांचे काम हजारांत जाते. म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. करकर आवाज आला तर थांबा, पुन्हा तेल मारा. जुने गॅस्केट लाकडाच्या चपट्या काडीने खरवडा, ब्लेडने नको. पृष्ठभागावर एक चर पडला की तिथून कायमची गळती.

नवा व्हॉल्वसुद्धा तपासल्याशिवाय बसवू नये. तो किती अंशांना उघडतो ते त्याच्यावरच कोरलेले असते, बहुधा 82 किंवा 88. पातेल्यात पाणी घेऊन व्हॉल्व दोऱ्याने अधांतरी टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी थर्मामीटर धरा (तापाचा नव्हे, तो फुटेल). कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळायला येईपर्यंत सुमारे 8 मिमी उघडला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाच्या आत. चकतीवर छोटे भोक आणि त्यात हलणारी पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवा. अडकलेली हवा तिथूनच निघते.

होज दाबून पाहा. टोकाशी फुगलेला, मऊ पडलेला किंवा दाबल्यावर भेगा दिसणारा होज बदलाच. इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा होत असेल तर तो होजचा दोष नसून कॅपच्या मध्यावरच्या छोट्या व्हॉल्वचा आहे. कॅपकडे कोणाचे लक्षच जात नाही. तिच्यावर बहुधा 0.9 असे लिहिलेले असते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला तेवढ्या किलोचा दाब ती धरते आणि त्या दाबाला साधे पाणीही 118 अंशांच्या आसपास उकळते. रबर कडक झालेली कॅप दाब धरत नाही. मग पाणी 100 अंशांलाच उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर तर 95-96 लाच. कंपनीने दिलेल्याच आकड्याची कॅप घ्यावी. जास्त दाबाची लावली तर जुना होज फाटतो.

आता कूलंट. बाटली तयार मिश्रणाची आहे की शुद्ध कूलंटची, हे लेबलवर वाचा. इथे बरेच जण फसतात. समजा यंत्रणेत एकूण 3.6 लिटर मावते आणि सोडल्यावर 2.4 लिटरच निघाले. म्हणजे 1.2 लिटर डिस्टिल्ड वॉटर इंजिनातच राहिले. त्यावर निम्म्या प्रमाणाचे तयार मिश्रण 2.4 लिटर ओतले की शेवटी कूलंट 33 टक्केच भरते. निम्मे-निम्मे हवे असेल तर 1.8 लिटर शुद्ध कूलंट आणि 0.6 लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे लागेल. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असे विचारतात. ते गंज रोखते, वॉटर पंपाचे सील टिकवते आणि उकळबिंदू वाढवते, म्हणून. बोअरच्या पाण्याचे चहाच्या भांड्यात जे होते तेच रेडिएटरच्या नळ्यांत होते.

हळूहळू ओता, हीटर गरमवर ठेवा, कॅप न लावता इंजिन चालू करा, बुडबुडे येत राहतील तसतशी भर घाला. बुडबुडे थांबले की कॅप लावा आणि फॅन दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. फॅन डायरेक्ट केलेला असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून मूळ वायरिंग जोडून घ्या. सतत फिरून त्याचे ब्रश झिजतात आणि तो कधी बंद पडला ते काटा लाल रेषेवर गेल्यावरच कळते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर कूलंटच्या राखीव टाकीतली पातळी पुन्हा पाहा, हमखास उतरलेली असते. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. बंद डब्यात भरून गॅरेजच्या टाकाऊ ऑइलजवळ वेगळे ठेवायला द्या.

एवढे करूनही घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि गाडी बाजूला. इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतणारे मदतनीस प्रत्येक वळणावर भेटतात; त्यांना हात जोडावेत. तापलेल्या हेडला त्यानेच तडा जातो. पाऊण तास थांबणे स्वस्त पडते.

गॅरेजवाल्यांना एक विनंती. गिऱ्हाईक रस्त्यात अडकले म्हणून व्हॉल्व काढावा लागला तर तसे बिलावर लिहा आणि काढलेला भाग त्याच्या हातात द्या. 15 वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या तपासणीत दिवे, ब्रेक, चासी नंबर पाहतात, थर्मोस्टॅट पाहत नाहीत. मधल्या काळात गाडी दोनदा विकली गेलेली असते आणि तिसरा मालक दर उन्हाळ्यात नवा रेडिएटर घालत बसतो.

आपला,
एक वाचक, सातारा