इलेक्ट्रोडच्या आधीची २२ वर्षे

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत पार्किन्सन्सवरील ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ अर्थात डीबीएस, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवून विद्युत उद्दीपन देण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आलेला लेख वाचला. माझ्या वडिलांवर सहा वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झाली असल्याने त्यातला शब्द न् शब्द मी आस्थेने वाचला. शस्त्रक्रियेचे वर्णन अचूक आहे. मात्र मेंदूतल्या नेमक्या कोणत्या जागी इलेक्ट्रोड बसवायचा हे कळले कसे, याविषयी लेखात एक ओळही नाही. या प्रश्नाच्या उत्तरामागे मेहलॉन डीलाँग या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टचे २२ वर्षांचे काम उभे आहे, आणि ते वाचकांसमोर यावे यासाठी हा पत्रप्रपंच.

डीलाँग १९६८ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एडवर्ड एव्हार्ट्स यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. ठरावीक हालचाल शिकवलेल्या माकडाच्या मेंदूतील एकेका पेशीचे विद्युत स्पंद, ते माकड जागे असताना टिपण्याचे तंत्र एव्हार्ट्स यांनी विकसित केले होते. हालचालींशी उघड संबंध असलेले मेंदूचे भाग सहकाऱ्यांनी आधीच अभ्यासाला घेतलेले असल्यामुळे डीलाँग यांच्या वाट्याला बेसल गँग्लिया आले. मेंदूत खोलवर असलेल्या या पेशीसमूहांचे काम काय, हे तेव्हा कुणालाच नीटसे सांगता येत नव्हते. त्या काळात कुणी त्यांना विचारले असते, की या नोंदींचा रुग्णाला काय उपयोग, तर प्रामाणिक उत्तर ‘अजून ठाऊक नाही’ हेच असते. पुढे न्यूरॉलॉजीचे रीतसर प्रशिक्षण घेऊन ते रुग्णही तपासू लागले, पण हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. बेसल गँग्लिया आणि मेंदूचे बाह्यांग यांना जोडणारी मंडले, म्हणजे पेशींची जोडजाळी, एकमेकांना समांतर आणि वेगवेगळी असतात, ही मांडणी त्यांनी सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. हालचालींचे मंडल वेगळे, विचारांचे वेगळे, भावनांचे वेगळे.

दरम्यान १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक दगडासारखे जखडलेल्या अवस्थेत रुग्णालयात आले. बेकायदा बनवलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचे रसायन उतरले होते आणि त्याने मेंदूतील डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी मारल्या होत्या, हे न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी शोधून काढले. त्या दुर्दैवी प्रसंगातून संशोधकांच्या हाती प्रथमच असे साधन आले, ज्याने माकडांमध्ये पार्किन्सन्ससारखी स्थिती निर्माण करता येत होती. अशा माकडांच्या मेंदूत डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे आढळले ते अनपेक्षित होते. डोपामिन घटले की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटासा पेशीसमूह मंदावत नव्हता, उलट अतिरेकी सक्रिय होत होता, आणि त्याच्या रेट्यामुळे हालचालींवरचा लगाम घट्ट आवळला जात होता. म्हणजे रुग्णाचे शरीर जखडते ते मेंदूचा एखादा भाग गप्प झाल्यामुळेच नव्हे, तर दुसरा एक भाग अति बोलू लागल्यामुळेही. १९९० मध्ये त्यांनी हा पेशीसमूह निकामी केला, तेव्हा जखडलेली माकडे पुन्हा हालचाल करू लागली. या संशोधनाची किंमत मुक्या प्राण्यांनी मोजली, हेही लपवू नये.

मात्र माणसात हाच भाग नष्ट करण्याला डॉक्टर बिचकत होते, कारण त्याला इजा झाली की विरुद्ध बाजूचे हातपाय आपोआप जोराने फेकले जातात, हे पूर्वीपासून माहीत होते. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे न्यूरोसर्जन अलीम-लुई बेनाबिद १९८७ पासून थॅलॅमस या मेंदूतल्या दुसऱ्या एका भागाला विद्युत उद्दीपन देऊन कंप थांबवत होते. उद्दीपन बंद करता येते, कमी-जास्त करता येते, आणि नष्ट केलेली पेशी मात्र परत येत नाही. १९९३ मध्ये त्यांच्या चमूने डीलाँग यांनी हेरलेल्या त्याच सबथॅलॅमिक न्यूक्लियसला उद्दीपन दिले. डीलाँग आणि बेनाबिद या दोघांना वैद्यकीय संशोधनासाठीचा २०१४ चा लास्कर पुरस्कार संयुक्तपणे मिळाला, तो म्हणूनच मला अत्यंत उचित वाटतो.

आपल्या लेखातील ‘चमत्कार’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. शस्त्रक्रियेनंतर वडिलांचा कंप पुष्कळ कमी झाला, गोळ्या कमी झाल्या, आणि गोळीचा असर उतरल्यावर खुर्चीत अडकून बसण्याचे तास घटले. पण त्यांचा आवाज क्षीणच राहिला, तोल अजूनही जातो, आणि आजार आपल्या गतीने पुढे सरकतोच आहे. जी लक्षणे लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाच्या गोळीला दाद देतात, मुख्यतः तीच डीबीएसलाही दाद देतात. कंप हा त्याला अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी उद्दीपनाने बरेचदा आटोक्यात येतो. हे आम्हाला आधी नीट समजावून सांगणारे डॉक्टर भेटले म्हणून आमचा अपेक्षाभंग झाला नाही. ‘चमत्कार’ वाचून शस्त्रक्रियेला येणाऱ्या कुटुंबाचा अपेक्षाभंग टळेलच असे नाही.

आपल्याला विनंती आहे, की कोणत्या रुग्णाला या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो आणि कोणाला होत नाही, यावर एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, आणि त्यात १९६८ ते १९९० या वर्षांनाही जागा द्यावी.

आपली नम्र,
एका पार्किन्सन्स रुग्णाची मुलगी