दर्यातील खुणांच्या फायली हाताने दुरुस्त करू नयेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आमच्या मालवण परिसरातील नौकामालक जाळी आणि इंजिनाबरोबर जीपीएसमधील खुणाही तपासून घेतात. खडप (पाण्याखालचा खडक) कुठे आहे, जाळे कुठे अडकते, हे सांगणाऱ्या या खुणा जीपीएक्स फायलीत साठवता येतात, आणि ही फाईल म्हणजे एक्सएमएलच, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण लावून लिहिलेला साधा मजकूर होय. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘शोधा आणि बदला’ने सुधारण्याची पद्धत थांबावी, म्हणून हे पत्र.

एका फायलीत जुन्या वहीतील १६ अंश ५ मिनिटे हे अक्षांश १६.०५ असे चढवलेले मला आढळले. जीपीएक्समध्ये मिनिटे नसतात, अंशच दशांशात लिहावे लागतात, तेथे १६.०८३३ हवे होते. अक्षांशाच्या एका मिनिटाला एक सागरी मैल या हिशेबाने ती खूण दोन मैल दक्षिणेला सरकली होती, आणि खडपाच्या बाबतीत दोन मैल म्हणजे फाटलेले जाळे. पायथॉन या संगणकभाषेतील छोट्या प्रोग्रामने, म्हणजे स्क्रिप्टने, फाईल झाडासारखी (फांदीत फांदी अशा घटकांच्या मांडणीत) वाचली की प्रत्येक खुणेचे अक्षांश व रेखांश वेगवेगळे हाती येतात; मग दशांशचिन्हानंतर दोनच आकडे असलेल्या नोंदी वेगळ्या काढून, वहीशी ताडून, त्या दोन आकड्यांना ६० ने भागायचे आणि उत्तर पूर्ण अंशांत मिळवायचे, एवढेच गणित उरते. उपकरणाने स्वतः नोंदवलेल्या खुणांना हात लावू नये.

नवशिक्यांची फसगत होते ती दोन ठिकाणी. जीपीएक्सच्या घटकांना नेमस्पेस, म्हणजे ते कोणत्या गटातले हे सांगणारे नाव, असतो. तो न देता शोध घेतला तर स्क्रिप्ट त्रुटी न दाखवता शून्य खुणा परत करते, आणि फाईलच रिकामी आहे असा समज होतो. दुसरे, पायथॉनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल हाताळणाऱ्या साधनाने फाईल लिहिताना यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) स्पष्ट सांगितले नाही, तर मराठी नावांतील अक्षरांच्या जागी सांकेतिक आकडे उमटतात, ‘र’च्या जागी २३५२. एक्सएमएलच्या नियमांत ते बसते, पण पुढे ती फाईल डोळ्यांनी तपासणाऱ्या तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) त्यातून काय कळणार?

रत्नागिरी व सिंधुदुर्गातील संगणक शिकवणाऱ्या संस्थांनी हा विषय अशाच फायलींवर, मूळ प्रत बाजूला जपून आणि तांडेलाची वही शेजारी ठेवून शिकवावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)