आबांचं नाव चुकीच्या रकान्यात कोरलंय, मंत्रिमहोदय

मा. मंत्रिमहोदय यांस,
स. न. वि. वि.

गेल्या २३ जानेवारीला आपण आमच्या तालुक्याच्या गावी आला होता. शाल, श्रीफळ, फोटो असं सगळं यथासांग झालं. माझा हात दोन्ही हातांत धरून आपण म्हणालात, "काका, तुमच्या वडिलांचं नाव स्मृतिस्तंभावर मानानं कोरू. माझा शब्द आहे." माइक चालू होता, त्यामुळे त्या शब्दाला दोन-अडीचशे माणसं साक्षी आहेत.

शब्द आपण पाळलात, हे आधी कबूल करतो. या २१ ऑक्टोबरला अनावरण झालं. नाव आहे, अक्षर सुबक आहे, काना-मात्रा कुठे चुकलेली नाही. फक्त ज्या रकान्यात नाव आहे त्या रकान्याचं शीर्षक 'दुसरे महायुद्ध : ब्रिटिश हिंदी फौज' असं आहे. डावीकडे 'स्वातंत्र्यसैनिक', एकवीस नावं. उजवीकडे ब्रिटिश फौज, चौदा नावं. आमचे आबा उजवीकडे, वरून नववे.

पडदा बाजूला झाला, टाळ्या वाजल्या आणि मी खुर्चीवर बसलो तो उठलोच नाही. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं. आपणही लांबून हात जोडलेत.

मंत्रिमहोदय, २१ ऑक्टोबर ही तारीख आपल्या कार्यालयानं कशासाठी निवडली होती? निमंत्रणपत्रिकेवरच छापलं होतं : आझाद हिंद सरकार स्थापना दिन. १९४३ साली याच तारखेला सिंगापुरात कॅथे इमारतीच्या सिनेमागृहात नेताजींनी हंगामी सरकार जाहीर केलं. आबा त्या दिवशी बाहेर रस्त्यावर, गाडीच्या चाकाशी उभे होते. ड्रायव्हर होते ते, आत कोण घेणार! शपथ वाचताना ३८ कोटी देशबांधवांचा उल्लेख आला आणि नेताजींचा आवाज फुटेना, हे पुढे पुस्तकांत आलं. आबांना ते त्याच संध्याकाळी आतून आलेल्या लोकांनी सांगितलं होतं. सांगताना तेही त्याच जागी थांबायचे. लहानपणी मला वाटायचं, आबा गोष्ट विसरले.

त्या सरकारनं २३ तारखेच्या मध्यरात्री ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. म्हणजे दोन दिवसांत. माझ्या रकान्याच्या दुरुस्तीचा अर्ज आवक-बारनिशीतून पुढच्या टेबलावर जायला अकरा दिवस लागले. पुढचं टेबल रजेवर आहे.

मी चौकशीला गेलो तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "उपलब्ध अभिलेखांनुसार आपले वडील १९४० साली ब्रिटिश फौजेत भरती झाले, एवढीच नोंद सापडते." सापडते ना. इंग्रजांनी ठेवलेली नोंद सापडते. सप्लाय कोअरमध्ये ड्रायव्हर, उंची, छाती, डाव्या गालावर व्रण, सगळं सापडतं. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं, दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना जपान्यांच्या हवाली केलं, तिथवर इंग्रजांचं दप्तर आबांना ओळखतं. पुढचे, आझाद हिंद फौजेतले आबा कुणाच्याच दप्तरात नाहीत. "आझाद हिंद सरकारने दिलेले मूळ नियुक्तिपत्र असल्यास सादर करावे, सोबत साक्षांकित प्रत," असं साहेबांनी मला लेखी दिलं आहे. साक्षांकन कुणाकडून करून आणू तेही सांगा. रंगूनहून?

हुशार लोक म्हणतात, ते सरकार नुसतं कागदावरचं होतं. असेल. मग त्याचा एखादा कागद तरी आमच्या घरी असायला हवा होता की नाही? आबांचं वेतनपुस्तक ब्रह्मदेशातल्या माघारीत पेगूच्या अलीकडे भिजून लगदा झालं. घरी आलं ते फक्त 'जय हिंद'. आबा रामरामाला जय हिंद म्हणायचे आणि गावातली पोरं त्यांना 'जपानी आबा' म्हणून चिडवायची.

आणि कागदावरचं म्हणणाऱ्यांना मी पूर्ण खोटंही म्हणत नाही. आबाही म्हणत नसत. नऊ देशांनी मान्यता दिली, पण ते देश जपान-जर्मनीच्या गोटातले, त्यातले काही तर त्यांच्याच मांडीवर बसलेले. ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला झेंडा लावला, बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं दिली. आझाद हिंद फौजेतल्या लोगनाथन साहेबांना तिथे मुख्य आयुक्त नेमलं, पण त्यांच्या हातात शिक्षण खात्यापलीकडे जपान्यांनी फारसं काही येऊ दिलं नाही. झेंडा लागून बरोबर एक महिना झाला आणि त्याच अंदमानात जपान्यांनी ४४ हिंदी माणसं हेर ठरवून गोळ्या घालून मारली. आबांनी स्वतः रंगूनला जपानी शिपायाची थप्पड खाल्ली होती, सलाम उशिरा केला म्हणून. ते सांगायचे, "सरकार आपलं होतं, घर दुसऱ्याचं होतं." परमुलखात सरकार मांडणाऱ्यांची हीच गत असते. पण तांदूळ कोण देतो ते बघून शपथ खोटी ठरत नाही. त्या सरकारला मंत्री होते. लक्ष्मी स्वामिनाथन होत्या, खजिना सांभाळायला चॅटर्जी होते, सावंतवाडीकडचे आपले जगन्नाथराव भोसले होते. रंगूनला बँक होती. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ बायांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, मारफानी नावाच्या व्यापाऱ्यानं कोटभराची मालमत्ता दिली. कागदावरच्या सरकारला कुणी मंगळसूत्र देत नाही, साहेब.

फौज चाळीस-पंचेचाळीस हजार होती म्हणतात, कुणी साठ म्हणतं. मी मोजायला गेलो नव्हतो. आपल्या कार्यालयानंही मोजलेलं दिसत नाही.

१९४५च्या एप्रिलात नेताजी रंगूनहून निघाले. शहरात लुटालूट होऊ नये म्हणून लोगनाथन पाच-सहा हजार माणसं घेऊन मागे थांबले. आबा त्यांत. इंग्रज येईपर्यंत ट्रकमधून गस्त घालायची, पाण्याची टाकी सांभाळायची आणि इंग्रज आले की हात वर करायचे. मग बोटीनं कलकत्ता आणि जवळच्या नीलगंजची छावणी. तिथे माणसांची प्रतवारी व्हायची : पांढरे, करडे, काळे. इंग्रजांशी मनातून इमान राखलेले पांढरे, मधले करडे, आणि नेताजींवर निष्ठा सोडायला तयार नसलेले काळे. आबांना विचारलं, "जपान्यांनी बळजबरी केली ना?" हो म्हटलं असतं तर पांढऱ्यात गेले असते, पगार मिळाला असता, कदाचित पुढे नोकरीही. आबा नाही म्हणाले. काळे ठरले. थकलेला पगार जप्त. १९४६च्या होळीला घरी आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी.

इंग्रज अधिकाऱ्यानं तपासून, प्रश्न विचारून, लेखी ठरवलं होतं की हा माणूस आमचा नाही. आपण ऐंशी वर्षांनी त्याला परत त्यांच्यात ढकललंत. इंग्रजांचं दप्तर जास्त प्रामाणिक निघालं म्हणायचं.

आता आमची गंमत ऐका. आईचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, तेव्हा सातारा भागात नाना पाटलांच्या प्रतिसरकारात. म्हणजे १९४३ साली आमच्या घरात दोन सरकारं होती, एक सिंगापुरात आणि एक उसाच्या फडात. मामांना १९७२ला ताम्रपट मिळाला, पेन्शन लागलं. मला आनंदच आहे, त्या माणसानं पोलिसांचा मार खाल्ला होता. पण मामांना दाखला कसा मिळाला? सोबत तुरुंगात असलेले दोघं शेजारच्याच गावात होते, सायकलवरून आले, सह्या करून चहा पिऊन गेले. आबांचे सोबती कुठे? एक पंजाबात, एक मदुराईकडे, एक मलायात परत गेलेला. आबांनी तिघांनाही पत्रं टाकली. एकाचं उत्तर गुरुमुखीत आलं, ते वाचायला तालुक्यात माणूस नव्हता. शेवटी हायवेच्या ढाब्यावर एका सरदारजीकडून वाचून घेतलं. त्यांच्या मुलानं कळवलं होतं की बापू गेले.

१९७३ला आबांचा पेन्शनसाठी पहिला अर्ज. 'सहा महिन्यांच्या कारावासाचा पुरावा नाही.' १९८०ला योजनेचं नाव बदलून 'सन्मान' आला, म्हणून पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर, फक्त आता सन्मानपूर्वक. आबा १९८८ला गेले. मग आईचे अर्ज, अंगठा उठवून. ती २००९ला गेली. तिच्या पाटल्या माझ्या मॅट्रिकच्या आधीच मोडल्या होत्या. मी कॉलेजचं तोंड बघितलं नाही, एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो. एकूण तेवीस पत्रं आहेत माझ्याकडे, शासनाच्या बोधचिन्हासह. तिकिटाच्या ट्रेमध्ये ठेवली आहेत. वे-बिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबात, आठ आणे कमी आले तर आमच्याकडून रात्री डेपोत भरून घ्यायचे. देशाच्या वे-बिलात एक अख्खा माणूस कमी भरतोय, तो कुणाकडून भरून घ्यायचा?

पेन्शन मागत नाही. ते विषय संपले. तरी सांगतो, कारण हे आपल्या एका कार्यालयाचं काम नव्हे, ही जुनी रीत आहे. ५ नोव्हेंबर १९४५ला लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेचे अधिकारी शाहनवाज, सहगल, धिल्लाँ यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांचे वकील भुलाभाई देसाईंनी छातीठोक मांडलं की हे रीतसर सरकार होतं, त्याला युद्ध करायचा हक्क होता, हे सैनिक त्या सरकारचे. नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढवला. देश पेटला. जन्मठेप ठोठावली आणि ३ जानेवारी १९४६ला इंग्रज सेनापतीनं ती माफ करून टाकली. म्हणजे न्यायालयात सरकार खरं होतं. मग स्वातंत्र्य आलं आणि फौजेची दारं या माणसांना बंदच राहिली. ज्या फौजेनं त्यांना पकडलं ती आपली झाली, तिच्या वहीत हे काळेच राहिले. भाषणाला आझाद हिंद, भरतीला नाही. भोसले साहेब पुढे दिल्लीत पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. आबांचं पुनर्वसन शेजारच्या गिरणीत झालं, पीठ झाडायला.

पुढच्या सगळ्यांनीही तेच केलं, पक्ष कुठलाही असो. २०१८ला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून लाल किल्ल्यावर झेंडा फडकला. अंदमानच्या बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं दिली, छान केलं. २०१९च्या प्रजासत्ताक दिनी आझाद हिंदचे चार म्हातारे संचलनात पहिल्यांदा दिसले, सगळे नव्वदीपुढचे. पहिल्यांदा! बहात्तर वर्षं वाट बघितली की माणसं कमी होतात आणि जीपही एखादीच पुरते.

आणि आता आपला स्तंभ. टपरीवर अठरा लाखांचा आकडा ऐकला, खरा-खोटा देव जाणे. आपलं नाव चार बोटं उंच आहे, शहिदांचं एक बोट. सिंगापुरात समुद्रकाठी आझाद हिंद फौजेच्या हुतात्म्यांचं स्मारक नेताजींनी जुलै १९४५मध्ये बांधायला घेतलं. इंग्रज परत आल्याबरोबर त्यांनी ते सुरुंगानं उडवलं. आज त्या जागी फलक आहे, १९९५ला सिंगापूरवाल्यांनी लावला. परका देश, पण नाव बरोबर लिहिलं. इंग्रजांनी दगड उडवला. आपण दगड शाबूत ठेवून माणूस उडवलात. खर्च मात्र जास्त झाला.

आपले साहेब म्हणतात, शिळा एकदा बसली की दुरुस्तीला नवा प्रस्ताव, नवं अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता. मी पाथरवट बघून ठेवला आहे. तो म्हणतो, तीन दिवसांचं काम. उजवीकडची ओळ घासून काढायची, डावीकडे एकविसाव्या नावाखाली जागा आहे, तिथे कोरायची. पैसे मी देतो, माझ्या पेन्शनीतून. आपण फक्त त्याला कुणी अडवणार नाही एवढी एक चिठ्ठी द्या. मूळ नको, साक्षांकित प्रतही चालेल.

तोवर मी रोज सकाळी जाऊन त्या उजव्या रकान्याच्या शीर्षकावर झेंडूची माळ घालतो. बरोबर मापाची करून घेतली आहे, 'ब्रिटिश' पासून 'फौज' पर्यंत झाकलं जातं. बाकी तेरा जणांच्या घरच्यांना विचारून घेतलं आहे, त्यांची हरकत नाही. रखवालदार संध्याकाळी माळ काढतो, त्याला तसा हुकूम आहे म्हणे. सकाळी मी परत घालतो.

जय हिंद.

आपला,
उजवीकडच्या नवव्याचा मुलगा
(निवृत्त वाहक, राज्य परिवहन)