मेरिट म्हणताय ना मॅडम, मग लेगसीचं पण बघा

माननीय लिंडा मॅकमहन मॅडम,
शिक्षणमंत्री, अमेरिका

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो, मुलगी अकरावीला आहे त्यामुळे घरात उठता बसता एकच विषय, कॉलेजची ॲडमिशन. तुम्ही भाषणात मेरिट मेरिट म्हणता, म्हणून लेगसीबद्दल, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना ॲडमिशनमध्ये मिळणाऱ्या झुकत्या मापाबद्दल, हे पत्र. पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय, कारण ते तुमच्याइतकंच इथल्या आपल्या लोकांनी पण वाचावं.

२९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या केसमध्ये सांगितलं की रेस म्हणजे वंश बघून ॲडमिशन देता येणार नाही, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त पेढे वाटायचे बाकी होते. आणि आमचा राग काही खोटा नव्हता हो. हार्वर्डचं ते पर्सनल रेटिंग, म्हणजे स्वभाव, धडाडी वगैरेचे मार्क, त्यात अभ्यासात पुढे असलेली एशियन मुलं (आपली इंडियन मुलं यातच मोजतात) बरोब्बर मागे पडायची. प्रत्यक्ष भेटून इंटरव्ह्यू घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ती जवळपास इतरांसारखीच वाटायची, फाईल चाळणाऱ्या ऑफिसला मात्र नाही! आमच्या मुलीला तर एका काउन्सेलरने सरळ सांगितलं, निबंधात भरतनाट्यम नको, स्पेलिंग बी नको, डब्यातल्या भाजीच्या वासाची गोष्ट तर अजिबात नको, सगळी इंडियन मुलं तेच लिहितात. पोरगी विचारते, मग मी लिहू काय?

पण निकालानंतर झालं काय ते बघा. २०२४ ला एमआयटीत आलेल्या बॅचमध्ये ब्लॅक मुलं साधारण १३ टक्क्यांवरून ५ वर आली, एशियन चाळीसच्या आसपास होती ती ४७ झाली. येलमध्ये उलटंच, एशियन ३० वरून २४. म्हणजे ज्या आमच्या नावाने ही लढाई झाली त्या आमच्या पदरात नक्की काय पडलं हे कॉलेजागणिक वेगळं, ब्लॅक मुलांचं मात्र एमआयटीत डोळ्यादेखत नुकसान झालं.

आणि याच केसच्या कागदपत्रांवरून अभ्यासकांनी काढलेला अजून एक आकडा आहे त्यावर कोणी बोलतच नाही. हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के एकतर खेळाडू, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची, स्टाफची मुलं, किंवा डीनच्या खास यादीतली, ज्यात देणगीदारांची पण मुलं येतात. ब्लॅक, हिस्पॅनिक, एशियन मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. ही तर नुरा कुस्ती झाली मॅडम, आणि डब्ल्यूडब्ल्यूई ही कुस्तीची कंपनी चालवलेल्या तुम्हाला कुस्तीतलं मी काय सांगणार.

तुमच्या खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कॉलेजांकडून रेसप्रमाणे ॲडमिशनचे आकडे मागितले. मागा की, आमची ना नाही. पण हार्वर्डच्या लेगसीवर याच खात्याने जुलै २०२३ मध्ये चौकशी सुरू केली होती, ती कुठवर आली ते पण जाहीर सांगा. एमआयटी लेगसी बघत नाही, जॉन्स हॉपकिन्सने बंद केली, कॅलिफोर्नियाने तर प्रायव्हेट कॉलेजांना सुद्धा कायद्याने बंदी केली. कोणाचं काही अडलं नाही.

आपल्या लोकांना पण एक सांगतो, राग आला तर येऊ दे. "आरक्षणामुळे देश सोडला" म्हणणारे इथे कमी नाहीत, आणि त्यांच्यातलेच जे आता स्वतः आयव्हीचे, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या नामांकित कॉलेजांचे माजी विद्यार्थी झालेत त्यांना पोरांच्या वेळी लेगसी गोड लागायला लागलीय.

तर मॅडम, मागणी एवढीच. जे कॉलेज सरकारी पैसा घेतं त्याला लेगसी आणि देणगीच्या जागा बंद करायला लावणारा कायदा काँग्रेसकडे मागा. ते होणार नसेल तर भाषणात मेरिट म्हणताना आमच्या मुलांना पुढे करू नका.

आपला,
एक पालक, एडिसन