दार लावून घेतलेल्या मित्रास

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय शम्या,

सलाम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. "मंडळी सोडली, ख्रिस्ताला सोडलं नाही" हे तुझं वाक्य मी घरात मोठ्यानं वाचलं, तर आमची ही म्हणते, "मंडळी सोडली? वहिनींना कळवलंय का त्यांनी?" तेवढंच हसलो. नंतर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

चर्चच्या कमिटीच्या भांडणांना विटलास, आता दार लावून खोलीत एकट्यानंच प्रार्थना करतोस, असं लिहितोस. इथे काय वेगळं आहे? तू राहतोस त्याच नागपुरात १९७० साली उत्तर भारतातल्या सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, आणि आमच्याकडे निवडणूक झाली की दोन घरं एका बाकावर बसत नाहीत. मागच्या कापणीच्या सणाला लिलावात एक भोपळा निघाला. चाळीस-पन्नास रुपयांचा असेल. दोन गटांतल्या दोघांनी ईर्ष्येनं बोली चढवत तो १८०० वर नेला. घेणाऱ्यानं रीतीप्रमाणे परत अर्पण केला, तर दुसऱ्यानं २१०० ला उचलला. खजिनदार खूश. दानाच्या खात्यात ३९०० जमा, प्रीतीच्या खात्यात भोपळा.

तेव्हा तुझ्या तक्रारी खऱ्या आहेत. लोक जमले की जाच आलाच. परवा गुरुवार पेठेत पंचहौदाच्या मनोऱ्याखालून गेलो, तेव्हा तुझीच आठवण झाली. १८९० साली तिथल्या ख्रिस्ती मिशनात चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे-लोकमान्य टिळकांसारख्यांमागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं. एका कपापायी! पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्या घरातली आहे. माझे पणजोबा नगरकडच्या खेड्यातले. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी भावकीनं दार बंद केलं. पुढं मुलीचं लग्न कुणी जमवलं, मेल्यावर खांदा कुणी दिला? ज्यांना आपण आज भांडखोर म्हणतो त्यांच्याच आजोबा-पणजोबांनी.

तू आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा दाखला दिलास, की त्यांनीही शेवटी मिशन सोडलं. सोडलं, बरोबर. पण १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून ते खोलीत जाऊन बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा असलेला. एक मंडळी पुरेना म्हणून त्यांनी तिच्याहून मोठी मांडली. बाहेर पडण्याचे पण प्रकार असतात रे. आणि विश्वास ज्याचा त्याचा हे तुझं म्हणणं मला मान्यच आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंच बघ. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या मागोमाग झाल्या नाहीत. स्वतःला पटेपर्यंत पाच वर्षं थांबल्या.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला फोनवर कधी बोललो नाही.

आई गेली त्यानंतर आठ-नऊ महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. तू म्हणतोस तसं खोलीत जायचो, दार लावायचो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय तसंच. आत कुणी नसायचं. मीच, आणि पंख्याचा आवाज. रविवारी देवळात जात होतो ते निव्वळ सवयीनं, आणि हिला विचारायला कारण नको म्हणून. गीत सुरू झालं की उभा राहायचो, तोंड मिटलेलं. शेजारी एक आजोबा असायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. सूर असा की पेटीवालासुद्धा दचकावा. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, समजावलं नाही. फक्त आपलं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवायचे आणि ओळीखाली बोट फिरवत गायचे. जाड नखाचं बोट, टोकाला तपकिरीचा डाग. मी गात नाही हे त्यांना दिसत होतं. कडवं संपलं की बोट पुढच्या कडव्यावर.

एका रविवारी वाचन आलं मार्कच्या दुसऱ्या अध्यायातलं, पक्षघाती माणसाला चौघं छप्पर उसकटून बाजेसकट येशूपुढं खाली सोडतात ते. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी कान टवकारले, कारण येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. बाजेवरच्या माणसानं तोवर तोंडही उघडलेलं नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, मार्क सांगत नाही. मी त्या वर्षी बाजेवर होतो शम्या. बाजेचा एक कोपरा त्या तपकिरीच्या बोटानं धरला होता.

म्हणून तुझ्या बंद दाराबद्दल भीती वाटते. आज तुझा विश्वास तगडा आहे, खोलीत एकट्याला पुरतोय. खंगला की काय करशील? आणि दुसऱ्या कुणाच्या बाजेला चौथा माणूस कमी पडत असेल, तर तो तू नसशील कशावरून? हे जरा पाळकसाहेबांसारखं झालं, माफ कर. पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" यातलं 'आमच्या' तू एकटा असताना कसं म्हणतोस, हे मला खरंच विचारायचंय. थट्टा नाही.

परत त्याच मंडळीत जा असं म्हणत नाही. तुझा अपमान झाला तो झालाच, आणि ज्यानं केला त्यानं अजून माफी मागितलेली नाही हे मला इकडून तिकडून कळलंय.

बाकी ठीक. धाकटीचा दृढीकरणाचा विधी देवळात पुढल्या महिन्यात आहे, उत्तरं पाठ करते आणि मला चुका काढायला लावते. थंडी पडली आहे.

एक काम आहे. आजोबांना आता दिसत नाही नीट. पुस्तक हल्ली मी धरतो, तर तेच माझ्यावर खेकसतात, की तुझं बोट ओळीच्या पुढं पळतं. त्यांना मोठ्या अक्षरांची 'उपासना संगीत'ची प्रत हवी आहे. इथं दोन ठिकाणी विचारलं, नाही मिळाली. नागपुरात दुकानांत बघ. तिथंही नसेल तर एखाद्या रविवारी कुठल्यातरी देवळात डोकावून विचार, कुणाकडे जुनी पडलेली असते. नाताळच्या आत पाठवलीस तर बरं होईल.

तुझा,
विज्या